पुशा म्हणजे ओढ

कटीहंक बेट
२ जून १९७४

सेराफिम,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. सव्वीस वर्षं आपण एका होडीत बसलो, त्यात बोलायचं काम तुझं आणि ऐकायचं माझं. आता तू हजारभर मैलांवर आयोवात लेकीकडे जाऊन पडलास. धक्क्यावरची मंडळी म्हणतात, सेराफिम तिथूनही ओरडला तर इथे ऐकू येईल. अजून तरी आलं नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

पट्टेरी मासे आले. गेल्या आठवड्यात बंदराच्या तोंडाशी पहिला दिसला. त्यांच्या आमिषाला लागणाऱ्या वामीही सापळ्यात पडायला लागल्यात, चांगल्या हातभर लांब, काळ्याभोर. मी सगळं तुझ्या पद्धतीनं करतोय. वाम बर्फावर ठेवून सुस्त करायची, फडक्यात धरायची, खालच्या जबड्यातून गळ घालून नाकाजवळ वर काढायचा आणि लगेच पाण्यात सोडायची. जरा रेंगाळलं की ती हाताला विळखा घालते आणि मग तासभर सगळ्यालाच वामीचा वास. तू हसायचास. आता कोणी हसत नाही, पण वास तोच आहे.

एक अडचण आहे. धक्क्याखालच्या पेटीतल्या वामी मरताहेत. रोज सकाळी दोन-तीन पोट वर करून पडलेल्या असतात. उन्हाळा तापला की तू काहीतरी करायचास, काय ते मी कधी बघितलं नाही. तू करतोयस म्हटल्यावर मी कशाला बघू? तेवढं कळव.

शाळामास्तरांचा मेहुणा विचारत होता, तुमच्या होडीत जागा आहे का. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, पण सेराफिम मेदेइरोस तर आजारी होऊन गेले ना? मी म्हटलं, गेलाय तसा येईल. तेव्हा तू येणार की नाही आणि कधी, एवढं सरळ सांग. तोवर सुकाणूजवळची जागा रिकामीच राहील.

ऑरिन


सीडर फॉल्स, आयोवा
१४ जून १९७४

प्रिय ऑरिन,

तुझं पत्र मिळालं, फार आनंद झाला. माझी तब्येत आता पुष्कळ सुधारली आहे. उजव्या हातात अजून ताकद नाही, म्हणून लिंडा हे पत्र टाइप करते आहे. जेवण चांगलं जातं. इथली हवा कोरडी आणि छान आहे. जावई डेल माझी फार काळजी घेतो.

वामींबद्दल विचारलं आहेस. त्यांना मोठ्या बादलीत भरपूर स्वच्छ पाण्यात ठेव आणि पाणी वरचेवर बदल. म्हणजे त्या टवटवीत राहतील.

मी ऑगस्टपर्यंत येऊ शकेन असं डॉक्टर म्हणतात. माझी जागा कृपया कुणाला देऊ नकोस. तुझी आठवण येते.

तुझा मित्र,
सेराफिम


कटीहंक बेट
२५ जून १९७४

देओलिंदा,

पोरी, तिकडे तू लिंडा झालीस, मला देओलिंदाच. टाइप छान करतेस. एकही चूक नाही. पण तुझ्या बापानं आयुष्यात कधी वाम बादलीभर पाण्यात ठेवलेली नाही. एकदा बॉस्टनचा एक पाहुणा दया येऊन वामींवर बादलीभर पाणी ओतून बसला होता. साचलेल्या पाण्यात त्या गुदमरतात आणि ओल्या गोणपाटात दोन दिवस जगतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? तुझ्या बापानं त्याला असलं काही सुनावलं, की तो दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं परत गेला.

आणखीही आहे. तो मला 'प्रिय' म्हणत नाही. मला तो गाढव म्हणतो, थंड मासा म्हणतो, आणि फार खुशीत असला तर काहीच म्हणत नाही. त्यातून अख्ख्या पत्रात इंजिनाला एकही शिवी नाही. 'कृपया' हा शब्द त्याला कुणी शिकवला?

तुझ्यावर रागावलो नाहीये. पण ऑगस्टचं वाचून मी त्याच्या घराची खिडकी दुरुस्त केली आणि मग दुसऱ्यांदा पत्र वाचलं. आता खरं काय ते सांग. तो आहे ना?

ऑरिन गिफर्ड


सीडर फॉल्स
३ जुलै १९७४

ऑरिनकाका,

आहेत. माफ करा. तुम्ही असं विचाराल असं वाटलं नव्हतं. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी कोठीत जाऊन रडले.

मार्चपासून बाबा एक शब्द बोललेले नाहीत. उजवं अंग गेलंय. डावा हात चालतो, पण लिहायला दिलं तर नुसत्या रेघा येतात. त्यांना काय समजतं, काय नाही, कुणालाच सांगता येत नाही. आठवड्यातून एकदा एक बाई येतात, बोलायला शिकवणाऱ्या. कप दाखवतात, कुत्रा दाखवतात, म्हणा म्हणतात. बाबा त्यांच्याकडे अशा नजरेनं बघतात की मलाच लाज वाटते. बाकी दिवसभर खिडकीत बसून असतात. बाहेर मका आहे. आता कमरेच्या वर गेलाय, त्यापलीकडे काही दिसत नाही.

मी खोटं लिहिलं, कारण खरं कळलं असतं तर तुम्ही त्यांची जागा दुसऱ्याला दिली असती. दिली असती तरी तुमचं काही चुकलं नसतं. पण इथे त्यांचं म्हणून काहीच नाही. खोली माझी, कपडे डेलचे. कुठेतरी त्यांची जागा धरून ठेवलेली आहे, हे मला हवं होतं. डेल म्हणतो, तू त्यांना फसवतेस की स्वतःला? तो चांगला माणूस आहे, पण त्याचे वडील दोन मैलांवर राहतात आणि भरपूर बोलतात.

तुमची पत्रं मी त्यांना वाचून दाखवते. ते पाकिटाकडे बघतात, बाकी काही नाही. तरी लिहा. बरे व्हा वगैरे नको, तसली कार्डं ढीगभर आलीत. तिकडचं काहीही लिहा. मला फोन करा म्हणायचं होतं, पण तुमचा फोनवरचा एकुलता एक 'हॅलो' आठवतो मला.

लिंडा


कटीहंक बेट
२१ जुलै १९७४

सेराफिम,

तुझी लेक म्हणते काहीही लिहा. दोन आठवडे काहीही सुचलं नाही. फोनचं तिचं बरोबर आहे. दुकानात फोन उचलला की अख्खं बेट मीठ घ्यायला येतं.

काल संध्याकाळी होडी काढली. एकट्यानं. बायका धक्क्यावरून ओरडत होत्या, ऑरिन, डोकं फिरलंय का? मी तसाच धक्का सोडला. माझं बरं असतं, लोकांना मी न बोलण्याची सवय आहे.

'डुकरीण आणि पिल्लं' नावाच्या खडकांवर ओहोटीचं पाणी नुकतं ओढायला लागलं होतं. नैर्ऋत्येचा वारा, उजेड जाता जाता. वरच्या अंगाला जाऊन इंजिन बंद केलं आणि होडी सोडून दिली. वाम चांगली जिवंत होती. दोर जरा सैल पडला की तिनं स्वतःभोवती गाठ मारून घेतलीच म्हणून समज, तेव्हा तो ताणून धरायचा. पण सुकाणूही मीच धरलेलं. एकदा गळकाठी बगलेत, एकदा सुकाणू बगलेत. माझी अवस्था बघून खडकावरचे पाणकावळेसुद्धा उठले नाहीत.

आणि माशानं धरली. तुला माहीत आहे कशी. आधी एक ठोका, मग दोर धावायला लागतो, अंगठ्याखालून गरम होत जातो. अजून त्यानं गिळलेली नसते, वाम नुसती तोंडात आडवी धरून पळत असतो. इथे थांबायचं असतं. आणि मला थांबता येत नाही. सव्वीस वर्षांत आलं नाही. थांबायचास तू. माझ्या पाठीमागून मोठ्यानं आकडे मोजायचास, तुझ्या त्या पोर्तुगीजमध्ये, आणि शेवटी 'पुशा' म्हणेपर्यंत मी हलायचं नाही.

पहिल्या दिवसाचं आठवतं? तू 'पुशा' ओरडलास. आता तुझ्या गावच्या बोलीत पुशा म्हणजे ओढ, हे मला कुणी सांगितलं होतं? आमच्या इंग्रजीत पुश म्हणजे ढकल. मी गळकाठी जीव खाऊन पुढे ढकलली. मासा गेला, वाम गेली, गळकाठीचं टोक मोडलं, आणि तू मला जे म्हणालास त्यातला एक शब्दही कळला नाही, तरी सगळं कळलं. अख्खा उन्हाळा धक्क्यावर लोक मला बघून हवेत ढकलायचे.

काल मोजायला कुणी नव्हतं. दोर धावला आणि मी लगेच हिसका मारला. रिकामा गळ वर आला, वामीचं डोकं तेवढं राहिलेलं. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. मग तसाच वाहत बसलो. तिथे पाण्याचा आवाज भरपूर असतो, तरी इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं. मागे वळून बघितलं, सेराफिम. मी म्हातारा माणूस, मला माहीत होतं मागे काय आहे ते. तरी बघितलं.

ऑरिन


सीडर फॉल्स
२ ऑगस्ट १९७४

ऑरिनकाका,

टाइपरायटर काढत बसायला धीर नाही, हातानंच लिहितेय.

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात वाचत होते. बाबा टेबलाशी, मी चुलीशी, एका हातात डाव, एका हातात कागद. 'दोर धावायला लागतो, अंगठ्याखालून गरम होत जातो' इथवर आले आणि बटाटे उतू गेले, म्हणून थांबले. पाठीमागून आवाज आला. "ऊं."

मला वाटलं कण्हताहेत. मग "दोइश." मग "त्रेश, क्वात्रु, सींकु." आकडे मोजत होते, खणखणीत, काका! माझ्या लहानपणी असायचा तोच आवाज, जरासा गंजलेला. डाव खाली पडला. मी वळले तर बाबा माझ्याकडे बघत नव्हते. पुढे बघत होते, भिंतीकडे, डोळे बारीक करून.

मी धावत जाऊन त्यांना मिठी मारली. ते मोजत राहिले. मी बाबा बाबा म्हणतेय आणि ते मोजताहेत. थांबेनात. घामाघूम झाले, आवाज बसला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी आकडे चालूच. शेवटी दमून मान टाकली. आता रोज तसंच होतं. मी तेवढा भाग वाचते, ते सुरू होतात, आणि मग माझ्यावर चिडतात. मी काहीतरी करायचं असतं आणि मी करत नाही, असं. 'पुशा' ते म्हणतच नाहीत. मी म्हणून बघितलं, तर तोंड फिरवलं.

त्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, फार आशा धरू नका. आकडे, प्रार्थना, शिव्या, हे डोक्याच्या वेगळ्या कोपऱ्यातून येतं म्हणे, त्याला बोलणं म्हणत नाहीत. मला ते ऐकायचं नव्हतं.

आणि एक सांगते, मनात ठेवलं तर आत कुजेल. पाच महिने मी त्यांना भरवतेय, पुसतेय, झोपवतेय. माझं नाव तोंडून आलं नाही. आणि तुमच्या एका ओळीवर आवाज फुटला. मला तुमचा हेवा वाटतो. लहानपणीसुद्धा उन्हाळ्यातली प्रत्येक संध्याकाळ तुमची असायची. आई जेवण झाकून ठेवायची. मला त्यांचे आकडेसुद्धा येत नाहीत, घरात आई म्हणायची इंग्रजी बोल, शाळेत हसतील. पोर्तुगीज शिव्या तेवढ्या आल्या, कारण त्या तिलाही इंग्रजीत यायच्या नाहीत.

ते कशानं थांबतात, काका? मी काय करायचं असतं? तुम्हीच इथे याल का? वरची खोली रिकामी आहे.

लिंडा


कटीहंक बेट
१२ ऑगस्ट १९७४

देओलिंदा,

मला येता येणार नाही. होडीचं काम निघालंय.

तो थांबत नाही, कारण थांबणार कसा? तो काही ठरावीक आकड्याला 'पुशा' म्हणत नाही. कधी चारला म्हणतो, कधी वीसपर्यंत जातो. तो दोराकडे बघत असतो. मासा पळतो, मग जरा दम खातो, तेव्हा वाम फिरवून डोक्याकडून गिळतो आणि पुन्हा निघतो. ते पुन्हा निघणं त्याला दिसतं. मला आजवर दिसलेलं नाही. तू नुसती वाचतेस. त्याच्यापुढे दोरच नाही, तर तो बिचारा मोजत राहील नाहीतर काय करील? खोटं 'पुशा' तो म्हणणार नाही. धक्क्यावरच्या पोरांना खूश करायलासुद्धा तो खोटं सांगत नसे.

त्याला दोर दे. टपालानं गळकाठी पाठवतोय, आखूड, मुठीला काळी पट्टी गुंडाळलेली. गळ काढून टाकलाय. ती बाई त्याला कुत्रा दाखवते म्हणालीस, तो चित्रातला की तुमच्याकडचा खरा? खरा असेल तर दोर त्याच्या गळपट्ट्याला बांध आणि डेलला लांब उभा राहून बोलवायला सांग. मध्येच कुत्रा थांबेल असं काहीतरी वाटेत टाक.

तू बापाच्या पुढे बस, पाठ त्याच्याकडे. मी तसाच बसायचो. मागे वळायचं नाही. अंगठा रिळावर हलका. दोर धावला की मन मारून बसायचं. तो 'पुशा' म्हणाला की मग ओढायचं. ढकलू नकोस.

हेवा वाटतो म्हणालीस ते बरं केलंस. तुझी आई झाकून ठेवायची ते जेवण थंड असायचं, हे तो मला दर उन्हाळ्यात सांगायचा, आणि घरी जायला कधी घाई करायचा नाही. त्यात माझाही हात आहे.

ऑरिन


सीडर फॉल्स
३० ऑगस्ट १९७४

ऑरिनकाका,

कुत्रा खरा आहे. नाव रस्टी, आणि आता तो आमच्या घराण्यात सगळ्यात नामांकित.

रविवारी चर्चहून आल्यावर बाबांना ओसरीत बसवलं. मी पायरीवर, पाठ त्यांच्याकडे. अंगणाच्या मध्यावर एक हाड टाकलं. पलीकडे धान्याच्या कोठाराशी डेल उभा, हातात सॉसेज घेऊन. त्याचे वडील मुद्दाम बघायला आले होते. ते म्हणाले, "डेल, तुझ्या बायकोलाही डॉक्टरला दाखव."

डेलनं शीळ घातली. रस्टी सुटला. काका, दोर खरंच गरम होतो! मागून आवाज आला, ऊं, दोइश. मलाही थांबता आलं नाही, मी हिसका मारला. रस्टी जाग्यावर उलटा झाला, केकाटला.

आणि मागून बाबा गरजले, "बुर्रा!"

मी वळले. तुम्ही नाही म्हणाला होतात, तरी वळले. ते लालबुंद झाले होते आणि सरळ माझ्याकडे बघत होते. भिंतीकडे नाही, मक्याकडे नाही. माझ्याकडे.

तुम्हाला ते काय म्हणायचे, काका? मला आठवतंय, धक्क्यावर ऐकलंय मी. 'बुर्रु.' गाढवा. बुर्रा म्हणजे गाढवीण. मी दूध सांडलं की घरात मला म्हणायचे. त्या बाई म्हणतील शिवी डोक्याच्या वेगळ्या कोपऱ्यातून येते. येऊ दे. त्या कोपऱ्यात त्यांना ठाऊक आहे की पुढे बसली आहे ती त्यांची मुलगी आहे.

मी पायरीवर बसून इतकी हसले आणि इतकी रडले की डेलचे वडील टोपी काढून उभे राहिले.

मग पुन्हा केलं. रस्टीला आधी अर्धं सॉसेज द्यावं लागलं. या वेळी मी दात आवळून बसले. तो हाडाशी थांबला, बाबांचा आवाज हळू झाला, पण थांबला नाही. मग रस्टीनं हाड उचललं आणि निघाला. "पुशा!" मी ओढलं. आणि मागून त्यांनी ओसरीच्या फळीवर काठी आपटली, एकदाच. ते काय असतं मला माहीत नाही, पण बरोबर जमलं असेल असं वाटलं.

आता रोज संध्याकाळी करतो. काल त्यांनी 'पाणी' म्हटलं. इंग्रजीत. त्या बाईंनी वहीत लिहून घेतलं.

मी तुमच्या जागेवर बसले, काका. तुम्हाला कसं वाटेल याचा विचार नंतर आला.

देओलिंदा


कटीहंक बेट
१६ सप्टेंबर १९७४

देओलिंदा,

काठी आपटतो तो चांगला मासा लागल्यावर. लहान माशाला नाही. रस्टीला सांग.

पत्र दुकानात उघडलं आणि तिथेच वाचलं, ते चुकलं. लोक विचारायला लागले, ऑरिन, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी गेलं नाही, एक जण आलाय. मग बाहेर येऊन भिंतीशी उभा राहिलो. मला फार आनंद झाला. तो लिहून दाखवता येत नाही, तर तसाच समजून घे.

होडीचं काम निघालं नव्हतं. मी आलो नाही, कारण मला भीती वाटत होती. म्हटलं, इतक्या लांब जाऊन त्याच्यापुढे उभा राहायचो आणि तो त्या मक्याकडे बघतो तसा माझ्याकडे बघायचा. तुझ्यात हिंमत आहे, तू रोज त्याच्यापुढे उभी राहिलीस. मी इथे बसून त्याची जागा धरून ठेवली, त्याला काही हिंमत लागत नाही.

बुर्रा तुझा. त्यावर माझा हक्क नाही. तो ओरडला की तूही ओरड. मी कधी ओरडलो नाही, नुसता ऐकून घ्यायचो, त्यामुळे त्याला दोघांचं भांडण एकट्याला करावं लागायचं. तू त्याला बरी सोबत मिळालीस.

परवा होडी वर ओढली. अजून महिनाभर मासे असतात, सगळ्यात मोठे आत्ताच असतात, पण ओढली. मास्तरांच्या मेहुण्याला वामी देऊन टाकल्या. तो म्हणाला, माझ्याबरोबर चला, मोजायला कुणीतरी लागतं असं ऐकलंय. मी म्हटलं, मला मोजता येत नाही. हे खरंच आहे.

संध्याकाळी करायला काही नसतं. पाच वाजता जेवतो. मग खिडकीत बसतो. इथे खिडकीतून समुद्र दिसतो, पण दिसून काय करायचं? या उन्हाळ्यात मी तुझ्याशी जेवढं बोललो तेवढं कुणाशीच बोललेलो नाही, तुझ्या बापाशीसुद्धा नाही. सुरुवात झाली ती झाली. आता ते बोलणं उरलंय आणि ते ठेवायचं कुठे मला कळत नाही.

मी असं लिहायला बसलो होतो, की आता त्याला तू आहेस, तुझ्यामागे काम भरपूर, तेव्हा पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल. दोनदा लिहिलं आणि खोडलं. नाही चालणार, पोरी. लिहीत जा.

ऑरिन